निळ्या ओळींमधला आवाज

आमच्या घरात भूत नसतं. धर्मांतराच्या साली आजोबांनी किन्हीराजा गावच्या घरातला देव्हारा उचलला, टाक आणि ताईत सगळे नदीला सोडले आणि परत येऊन हातपाय न धुता जेवायला बसले, असं बाबा अजूनही अभिमानाने सांगतात. देव गेले, त्यांच्या मागोमाग भुतंही गेली. लहानपणी तिन्हीसांजेला चिंचेखालून जायची मला भीती वाटायची, तर आई म्हणायची, "आपल्याले भूत लागत नाही व, आपन बुद्धाचे." मी ते मानलं आणि अजून मानते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात कोणी भूत शोधत बसू नये. तरी आई गेल्यानंतर वर्षभर मला माहेरच्या मागच्या खोलीत एकटीने बसवत नव्हतं, हेही लपवून उपयोग नाही.

सुरुवात फोनपासून झाली. आईचं पुण्यानुमोदन, इतरांकडचं तेरावं म्हणा, आटोपलं, पाहुणे आपापल्या जीपा पकडून गेले आणि मी धुतलेली भांडी मांडणीवर लावत होते. तिचा फोन मागच्या खोलीच्या खिडकीत चार्जिंगला होता. कोणी लावला ठाऊक नाही. सवयीने कोणाच्या तरी हातून लागला असेल. तो वाजला. जाऊन पाहिलं तर पडद्यावर लिहिलेलं होतं की अमुक एका गृहस्थाने तुमच्यासोबत गाणं गायलं आहे. खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल. मी हातातलं ताट घेऊन तशीच खाटेवर बसले.

आई अंगणवाडीतून निवृत्त झाली तेव्हा तिला कॅराओकेचा नाद लागला. ज्यांना या नादाची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी सांगते. गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायचा, मागचं वाजणं तेवढं ठेवायचं आणि त्या रिकाम्या जागेत आपण गायचं, एवढीच करामत. शब्द पडद्यावर सरकत जातात, कधी सुरू करायचं ते अक्षरांचा रंग बदलून सांगितलं जातं. पूर्वी यासाठी मशीन लागायचं, हल्ली फोन पुरतो. गावोगावच्या निवृत्त माणसांना याने जेवढं कामाला लावलं आहे तेवढं कोणत्याही सरकारी योजनेने लावलेलं नाही.

आई मात्र पूर्ण गाणं गात नसे. ती फक्त दोघांची गाणी निवडायची. ॲपमध्ये बाईच्या ओळी गुलाबी दिसतात, पुरुषाच्या निळ्या. आपण आपल्या गुलाबी ओळी गायच्या, निळ्या आल्या की गप्प बसायचं आणि ते अर्धं गाणं तसंच सोडून द्यायचं. मग कुठलाही अनोळखी माणूस ते उघडतो, निळ्या ओळी भरतो आणि दोघांनी शेजारी उभं राहून म्हटल्यासारखं गाणं तयार होतं. रायपूरचा एक दातांचा डॉक्टर तिच्यासोबत नेमाने गायचा. आखातात क्रेन चालवणारा एकजण होता, तो नेहमी अर्धा सूर खाली असायचा. आईने यांच्यापैकी कोणाला कधी पाहिलं नाही. तिच्या नावापुढे फोटोऐवजी जास्वंदीचं फूल होतं.

तिला अर्धंच का आवडतं, हे मी एकदा विचारलं होतं. लग्नाआधी ती भीमजयंतीच्या गायन पार्टीत कोरसमध्ये होती. पुढे गायक ओळ द्यायचा, मागच्या बाया ती उचलायच्या. "एकटीनं म्हनलं की कसंतरीच वाटते," ती म्हणाली, "कोनी दिल्याबिगर उचलावं कसं?" बाबाही त्याच पार्टीत झांज वाजवायचे. तिथेच दोघांचं जमलं असं आत्या सांगते, आणि आई-बाबा दोघंही ते नाकारायचे.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर इंजिन शेजारी घेऊन बसल्यामुळे त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला आहे, डावा बरा आहे. शेलूबाजारला हायवेच्या आतल्या अंगाला त्यांनी घर बांधलं, मागे थोडी जागा ठेवली आणि निवृत्त झाल्यावर तिथे वांगी, मेथी, दोन लिंबाची झाडं असा संसार मांडला. आईच्या गाण्यावर त्यांचा राग होता असं म्हणता येणार नाही, पण कुरकुर भरपूर होती.

"तो रायपूरवाला तुया कोन लागते?" ते विचारायचे.

"कोनी नाही लागत. सुरात गाते बिचारा."

"अन् मी काय बेसुरा?"

"मंग तुमी गात जा ना."

"माया गळा एसटीचा हाये," असं म्हणून ते पाण्याचा पाइप उचलून मागे निघून जायचे. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातल्या कोणत्या दिवशी कोण काय म्हणालं ते आता वेगळं काढता येत नाही.

आई गाणं म्हणायला मागच्या खोलीतल्या खाटेवर बसायची. फोन खिडकीच्या कठड्यावर उभा करायची, कारण रेंज तिथेच यायची आणि अक्षरंही उजेडात बरी दिसायची. कानात वायरचे इअरफोन. संगीत तिच्या कानातच वाजायचं, बाहेर ऐकू यायचा तो फक्त तिचा आवाज, तोही तुकड्या-तुकड्यांत. दोन ओळी म्हणायची, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा दोन ओळी. नवीन माणसाला वाटावं, ही बाई गाणं विसरते आहे.

ती गेली त्या दिवशी दुपार कलली होती. बाबा मागे वांग्यांना पाणी देत होते. आई आत गात होती. पाणी देऊन झालं, पाइप गुंडाळून झाला, तरी चहाची हाक आली नाही, म्हणून ते आत गेले. आई खाटेवर भिंतीला टेकून बसलेली होती आणि इअरफोन कानातच होते. गावातल्या डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. काही त्रास झाला नसावा, असंही म्हणाले. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात.

मला वाटलं होतं, फोनवरचे ते निरोप हळूहळू बंद होतील. झाले नाहीत. तिची अर्धी गाणी तिथे पडून होती आणि माणसं येऊन त्यांत आपला आवाज भरून जात होती. रायपूरच्या डॉक्टरांना मी शेवटी कळवलं. त्यांनी फार सभ्य शब्दांत दुःख व्यक्त केलं, आपली आई गेली तेव्हाचं काहीबाही लिहिलं आणि आठवड्याने पुन्हा तिच्यासोबत गायले. आता अशा माणसाला काय बोलावं? मी बाबांना म्हटलं, हे ॲप काढून टाकू. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. तेव्हापासून तो तिथेच असे.

काही महिन्यांनी त्यांचा मला वाशीमला फोन आला. "येऊन जाय बरं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, पडले-बिडले. रजा टाकली आणि मिळेल त्या गाडीने गेले. ते धडधाकट होते. मला खाटेवर बसवलं, आईचेच इअरफोन माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आयक."

ॲपमध्ये न पाठवलेल्या गाण्यांचा एक कप्पा असतो. फोन चाळता चाळता त्यांना तिथे एक गाणं सापडलं होतं, त्या दुपारचं. कोणी थांबवलं नाही तर गाणं शेवटपर्यंत चालतं आणि आपोआप साठून राहतं. मी ऐकायला लागले. आई दोन गुलाबी ओळी छान म्हणाली. निळ्या ओळी रिकाम्या गेल्या. मग अंतरा आला, तिने तोही धरला, ओळीच्या शेवटी आवाज जरा ओढल्यासारखा झाला. पुन्हा निळ्या ओळी सुरू झाल्या, आणि त्या रिकाम्या जागेत, बासरी आणि ढोलकीच्या खालून, काहीतरी आलं. शब्द नव्हता. कोणीतरी कोणाला लांबून आवाज देतंय असा एक लांबट, घुमणारा स्वर होता. तो विरला. मग गुलाबी ओळी आल्या. अक्षरं रंग बदलत गेली, एकेक करून, अगदी वेळेवर, आणि कोणीच गायलं नाही. पुन्हा निळ्या आल्या, पुन्हा गुलाबी आल्या, आणि गाणं असंच कोणाच्याही आवाजाशिवाय संपलं. शेवटी पडद्यावर तिच्या गाण्याला गुणही दिलेले होते.

मी इअरफोन काढले.

"आयकलं?" बाबा म्हणाले. "मले बोलावून राह्यली."

मी म्हटलं, बाबा, काही नाही, गाण्यातलंच असेल. ते म्हणाले, गाण्यातलं असतं तर दुसऱ्या ठिकाणी ऐकू आलं असतं. त्यांनी तेच गाणं इतरांनी म्हटलेलं शोधून शोधून ऐकलं होतं, कोणाच्याच गाण्यात ते नव्हतं. ज्या माणसाला व्हिडिओ कॉल उचलता येत नव्हता त्याने हे सगळं एकट्याने केलं होतं, यावरूनच मला कळायला हवं होतं की आता याला काही समजावून उपयोग नाही.

"मी वांग्यात उभा होतो," ते म्हणाले. "इथून तिथं. तिनं हाक मारली अन् मले आयकू नाही आली. मी पानी देत राह्यलो."

त्यानंतरचं घर वेगळंच होतं. बाबांनी घरातले आवाज बंद करत आणले. पंखा लावायचा नाही. टीव्हीची वायर काढून ठेवली. मी गेले तर मिक्सर लावू द्यायचे नाहीत, चटणी पाट्यावर वाटायची. पाइपच्या पाण्याचा आवाज होतो म्हणून झाडांना तांब्याने पाणी घालायला लागले. हायवेवरून ट्रक गेला की कपाळाला आठ्या. मी म्हटलं, हायवे तर बंद करता येणार नाही ना, त्यावर ते हसले नाहीत. आणि मध्येच, तांब्या हातात घेऊन उभे असताना, मान डावीकडे वळवायचे, "ओ, आलो," म्हणायचे आणि आत जायचे. आत जाऊन खाटेजवळ उभे राहायचे. मग परत यायचे.

मी हे खिडकीतून पाहिलं आहे. मी चिडले, बोलले, रडले, डॉक्टरकडे चला म्हटलं. ते शांतपणे म्हणायचे, "तुले नाही का आयकू आलं?" आणि मला तर ते आलं होतं. ऑफिसात फाइल पाहता पाहता तो स्वर कानात उठायचा. आई मलाही हाक मारायची तर शेवटचं अक्षर असंच लांबवायची. घरी स्वयंपाक करताना मी कुकरच्या शिट्टीनंतरची शांतता ऐकत उभी राहायला लागले. आत्मा नाही, परलोक नाही, मेलेला परत येत नाही, हे सगळं मला पाठ होतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

आत्याने सुचवलं, एकदा बाहेरचं पाहणाऱ्या कोणाला तरी दाखवा. बाबा तिच्यावर असे उखडले की ती जेवायलाही थांबली नाही. कोणाकडे जायची सोय आजोबांनी नदीला सोडली होती. राहता राहिला साउंडवाला.

मंगरूळपीरला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी कॅराओके चालतं, हे मला ऑफिसातल्या एका बाईंकडून कळलं. चालवणारा माणूस आधी लग्नांना साउंड लावायचा, आता गाण्यातून आवाज वेगळे करून देतो, ट्रॅक बनवून देतो. मी बाबांना सांगितलं की कॅराओकेवाले आवाज काढून संगीत ठेवतात, तसं संगीत काढून आवाज ठेवता येतो.

"मंग ती काय म्हनली ते आयकू येईन?" त्यांनी विचारलं.

"येईन बहुतेक."

"रागात बोलली असंन तर?"

रविवारी ते माझ्या आधी तयार होऊन बसले होते. लग्नाला जाताना घालतात तो पांढरा सदरा घातला होता.

आम्ही पोचलो तेव्हा हॉल भरलेला होता. सरकारी दवाखान्यातला एक निवृत्त कंपाउंडर माइक तोंडाला लावून डोळे मिटून गात होता, आणि त्याची बायको पहिल्या रांगेत बसून फोनवर त्याचं शूटिंग करत होती. मला अशा माणसांची नेहमी थोडी गंमत वाटते आणि थोडा हेवा. पण त्या दिवशी माझं लक्ष वेगळीकडेच गेलं. कंपाउंडर श्वासासाठी थांबला की मागे अगदी अस्पष्ट दुसराच एक आवाज तीच ओळ म्हणत होता. मी साउंडवाल्याला विचारलं, हे काय?

"जुना ट्रॅक हाये, ताई," तो म्हणाला. "पहले आवाज पुरा निघत नव्हता. असली गायक मागं राह्यतेच थोडा."

जेवणाच्या वेळी हॉल रिकामा झाला. त्याने दार लावून घेतलं. बाबांनी खिशातून फोन काढून त्याच्यासमोर ठेवला आणि आपणच सगळं सांगितलं, खाट, खिडकी, वांगी, कान, काही न लपवता. तो पन्नाशीचा, पानाने दात लाल झालेला माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, पाहू. पण जे निघंन ते निघंन बरं." त्याने फोनला वायर लावली आणि गाणं लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

थोड्या वेळाने पडद्यावर दोन पट्ट्या आल्या. वरची वाद्यांची, खालची आईची. वरची सगळीकडे सारखी दाट भरलेली. खालची सुरुवातीला उंचसखल आणि मग सपाट, आणि त्या सपाटीवर कुठे कुठे बारीकसे उंचवटे. बाबांनी बोट ठेवलं. "हे कोनतं?"

"तेच असंन," साउंडवाला म्हणाला. "ॲपनं सगळ्यावर इको चढवेल हाये, म्हनून तसं घुमते. तो पन कमी करतो."

मी म्हटलं, बाबा, नसेल ऐकायचं तर अजूनही जाऊ. त्यांनी डावा कान स्पीकरकडे केला.

संगीत काढल्यावर आईचा आवाज उघडा पडला. आजवर मी तो सजवलेला ऐकला होता. हा खरा होता, म्हाताऱ्या बाईचा, मध्ये मध्ये धाप लागलेला. तिच्या मागे आमचं घर होतं. खाटेची करकर, हायवेवरचा हॉर्न, कोणाची तरी कोंबडी, आणि मातीवर पडणारं पाणी. गेलेली दुपार त्या रिकाम्या हॉलमध्ये जशीच्या तशी चालू होती. तिने दोन ओळी म्हटल्या आणि ती थांबली. आणि ती थांबल्याबरोबर, दुरून, पाण्याच्या आवाजातून, एका पुरुषाने गुणगुणत पुढची ओळ धरली.

बाबांचा चेहरा आवळला. "हा कोन होय?" ते म्हणाले.

पहिल्या क्षणी मलाही कळलं नाही. ते गुणगुणणं तालात बसत नव्हतं, कारण त्या माणसाला संगीत ऐकूच येत नव्हतं, त्याला फक्त आई ऐकू येत होती. पण सूर पक्का होता. ओळ संपल्यावर तो खाकरला, आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"बाबा, तुमी होय."

"मी गात नाही."

"तुमीच होय. पानी आयका ना."

साउंडवाल्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा आई, पुन्हा पाणी, पुन्हा तो आवाज. बाबा स्वतःचा आवाज ऐकत होते आणि तो कोणाचा आहे हे माझ्या तोंडाकडे पाहून ठरवत होते. मग साउंडवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने फोनमधलं आईचं आणखी एक गाणं घेतलं, रायपूरच्या डॉक्टरांसोबतचं, आणि तेही सोडवलं. डॉक्टरांच्या आवाजाखाली, अगदी तळाशी, बाबा होते. आणखी एक घेतलं. त्यातही होते. आई अर्धी गाणी जगासाठी सोडत होती असं आम्ही समजत होतो, आणि तिच्या प्रत्येक गाण्यात निळ्या ओळी आधीच कोणीतरी म्हणून ठेवलेल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी बाबांचा हात धरला. मला वाटलं, आता सुटले.

"ते पुढचं लावा," बाबा म्हणाले.

त्या दुपारचं गाणं पुढे गेलं. अंतरा. आईचा ओढलेला आवाज. मग निळी ओळ, बाबांची. ज्याला आम्ही इतके महिने हाक समजत होतो, तीच. मग आईची पाळी आली. खाट एकदा करकरली. पाणी पडत राहिलं. आणि मग बाबांनी तीच ओळ परत म्हटली, आधीपेक्षा सावकाश, शेवट लांबवून; संगीताखाली ही आम्हाला कधी ऐकूच आली नव्हती. थोडं थांबले. आणि मग पाण्याचा आवाज पुढच्या वाफ्याकडे सरकला.

"कोरसनं उचललं नाही की ओळ परत द्या लागते," बाबा म्हणाले. ते आम्हां दोघांपैकी कोणाशीच बोलत नव्हते. "मी परत देल्ली होती."

साउंडवाल्याने गाणं थांबवलं नाही. शेवटपर्यंत जाऊ दिलं. ट्रक, कोंबडी, पाणी, मग पाणीही बंद.

"मंग तिचं काहीच नाही याच्यात?" बाबांनी विचारलं. "तिनं हाक नाही मारली?"

"नाही काका."

"आखरीपर्यंत पाह्यलं?"

"पाह्यलं."

मी काहीतरी बोलायला गेले. तिला त्रास झाला नाही, तिने हाक मारली नाही म्हणजे तुमचं काही चुकलं नाही, असंच काहीतरी. माझ्या मते ही चांगली बातमी होती. इतके महिने जे त्यांना खात होतं ते खोटं निघालं होतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण नव्हती. तिकीट हातात घेऊन उभा असताना गाडी निघून गेलेला माणूस पाहतो तसे ते त्या सपाट पट्टीकडे पाहत होते.

"भाऊ," ते म्हणाले, "ते गानं परत टाका बरं त्याच्यावर."

"काय?"

"संगीत. अन् तो घुमारा. पहले जसं होतं तसं करा."

साउंडवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. त्याने दोन ठिकाणी बोट लावलं आणि सगळं परत आलं, बासरी, ढोलकी, इको. बाबा खुर्ची ओढून स्पीकरला अगदी लागून बसले. आई गायली. निळ्या ओळी आल्या. मी डोळे मिटून कान दिला, खरंच दिला, मला तिची हाक हवी होती. पण आता तिथे बाबाच गुणगुणत होते, कितीही संगीत घातलं तरी बाबाच. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा त्यांनी कान मागे घेतला.

"गेली तुयी माय," ते म्हणाले.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते.